पूर्वपक्ष गाळलेले तत्त्वज्ञान

नवशिक्यांसाठी तत्त्वज्ञान सोपे करून सांगितले पाहिजे, याविषयी मराठीत कोणाचे दुमत आढळत नाही. चर्चासत्रांत हेच म्हटले जाते, प्रस्तावनांत हेच लिहिले जाते, निवृत्त प्राध्यापकांच्या गौरव समारंभांतही हीच खंत व्यक्त होते. एवढे एकमत झालेल्या गोष्टीकडे जरा संशयाने पाहावे, ही सवय लावणे हे तत्त्वज्ञानाचे कामच आहे. तेव्हा 'सोपे करणे' म्हणजे आपण नेमके काय करतो, हे एकदा तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो : सोपे करण्याच्या नावाखाली आपण वाद काढून टाकतो आणि निष्कर्ष तेवढे ठेवतो. वास्तविक नवशिक्याला वाद समजतो. त्याला समजत नाहीत ते निष्कर्ष.

आम्ही तत्त्वज्ञानाचे अध्यापक नव्हे. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या गावात राहून मराठी शिकवणारी माणसे आहोत. परंतु तत्त्वज्ञान आमच्या वाट्याला न मागता येते. साहित्यशास्त्राच्या पेपरात प्लेटो येतो, ॲरिस्टॉटल येतो. सौंदर्यविचार म्हटले की कांट टळत नाही. समीक्षापद्धतींच्या वाटेने मार्क्स, सार्त्र, देरिदा अशी सगळी मंडळी एकापाठोपाठ वर्गात शिरतात. महाराष्ट्रातील किती तरी विद्यार्थ्यांची तत्त्वज्ञानाशी आयुष्यातली पहिली आणि शेवटची भेट मराठी विभागाच्या वर्गात होते. ती भेट आपण कशी घडवून आणतो?

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. 'कोसला ही अस्तित्ववादी कादंबरी आहे' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की 1963 साली नेमाड्यांनी कादंबरी लिहिली की एका संज्ञेचे उदाहरण लिहिले, असा प्रश्न पडावा. त्या वाक्याखाली अस्तित्ववादाची पाच किंवा सहा वैशिष्ट्ये असतात : एकाकीपणा, परात्मता, निरर्थकता, स्वातंत्र्य, मृत्यूची जाणीव. पुढे सांगवीकरच्या बहिणीच्या मृत्यूचा उल्लेख आणि शेवटी समारोप. मार्गदर्शकात तसेच आहे, म्हणून उत्तरपत्रिकेतही तसेच आहे. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आपण सार्त्रचे निष्कर्ष दिले. सार्त्र कशाशी झगडत होता हे दिलेच नाही.

ते देणे अवघड होते काय? 1945 साली पॅरिसमध्ये सार्त्रने जे जाहीर व्याख्यान दिले, आणि जे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले, त्यात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली आहे. जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला. या मुलाचा थोरला भाऊ 1940 च्या लढाईत मारला गेलेला. बापाचे आणि आईचे पटत नाही; आई या एका मुलाच्या आधारावर जगते आहे. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे आहे. जावे की राहावे? कोणता धर्मग्रंथ, कोणता नीतिनियम त्याला याचे उत्तर देईल? सल्ला कोणाला विचारायचा हे ठरवणे म्हणजेही अर्धे उत्तर निवडणेच नाही का? एवढे सांगून आम्ही वर्गात थांबतो. ज्या वर्गात निम्म्या घरांतला थोरला मुलगा पुण्याच्या कंपनीत जावे की आईजवळ राहून माग चालवावेत या प्रश्नाशी कधी ना कधी येऊन ठेपलेला असतो, त्या वर्गाला पुढचे समजावून सांगावे लागत नाही. भांडण आपोआप सुरू होते. 'स्वातंत्र्य' हा शब्द फळ्यावर लिहिण्याची वेळ त्यानंतर येते. सहा वैशिष्ट्यांची यादी पाठ करण्यापेक्षा हे काही कठीण नाही. हां, वेळ जास्त लागतो, हे कबूल.

'परंतु हे नीतीच्या प्रश्नांपुरते ठीक. अस्तित्व, ओळख, द्रव्य-गुण असल्या प्रश्नांचे काय?' असा आक्षेप आमच्या एका मित्रांनी घेतला होता. त्यांना आम्ही मागाची गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा प्रसिद्ध संवाद आहे. राजा रथातून आला आहे. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ कुठे आहे? तोही नाही. हा संवाद पाठ्यपुस्तकातून वाचून दाखवला तर विद्यार्थी जांभया देतात, कारण रथ त्यांनी दूरदर्शनच्या मालिकेत पाहिला आहे. कबनूरमध्ये रथ नाहीत, माग आहेत. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणल्यापासून या परिसराचा श्वास त्याच्या खडखडाटावर चालतो. तेव्हा आम्ही विचारले, माग म्हणजे काय? धोटा म्हणजे माग का? वही? फणी? बीम? मोटर? सांगाडा? मुलांनी प्रत्येकाला नाही म्हटले, आणि म्हणताना त्यांना मजा वाटू लागली. मग विचारले : वीस वर्षांत मोटर बदलली, धोटे तर किती बदलले, फण्या बदलल्या, शेवटी सांगाड्याचाही एक भाग बदलून घेतला, तर आता शेडमध्ये आहे तो वडिलांनी घेतलेला माग का दुसरा?

बराच वेळ गोंधळ चालला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, लाईटचं मीटर तेच असलं की माग तोच."

वर्ग हसला. परंतु आम्ही त्याला उभे करून पुन्हा ते वाक्य म्हणायला लावले, कारण त्याने अजाणता नागसेनाची बाजू घेतली होती. वस्तूची ओळख वस्तूच्या आत कुठे सापडत नाही. ती व्यवहाराने, नावाने, नोंदीने ठरते. त्यावर एका मुलीने विचारले, "मग मीटर दुसऱ्याच्या नावावर केलं तर माग बदलला का?" तिने मिलिंदाची बाजू घेतली. त्यानंतर आम्ही फक्त एवढेच केले की 'माग' हा शब्द पुसून त्या जागी 'मी' लिहिले. बुद्धाच्या अनात्मवादावर आजवर ज्या टिपा आम्ही उतरवून दिल्या होत्या, त्यांतून जी अस्वस्थता वर्गात कधी उमटली नव्हती, ती त्या दिवशी उमटली. नागसेनही शेवटी रथाकडून स्वतःच्या नावाकडेच येतो, हे त्यांना नंतर वाचायला दिले तेव्हा पाली ग्रंथाचा मराठी अनुवाद त्यांना 'सोपा' वाटला. ग्रंथ तोच होता.

यात आमची काही करामत नाही, हे आग्रहाने सांगायला हवे. मराठीत हे फार पूर्वी झालेले आहे. 1915 साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' उघडून पाहावे. टिळकांच्या कर्मयोगाशी कोणी सहमत असो वा नसो (आमच्यातच याबाबत दोन पक्ष आहेत), परंतु दुसऱ्याच प्रकरणात, 'कर्मजिज्ञासे'त, ते वाचकाला सिद्धान्त देत नाहीत, पेच देतात. हॅम्लेट येतो, कोरिओलेनस येतो, दुष्काळात चांडाळाच्या घरी कुत्र्याचे मांस चोरायला गेलेला विश्वामित्र येतो. अहिंसा, सत्य, अस्तेय या प्रत्येकाला अपवाद आहे की नाही, हे उदाहरणा-उदाहरणाने घासून पाहिले जाते. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन ही नावे इंग्रजी न येणाऱ्या मराठी वाचकाच्या घरात शिरली ती या ग्रंथातून. ग्रंथाचा निष्कर्ष आधी ठरलेला होता, असे म्हणता येईल; पण वाचकाला आधी अडचणीत टाकल्याशिवाय तो सांगायचा नाही, एवढी शिस्त लेखकाने पाळली आहे. शंभराहून अधिक वर्षांनी आपले मार्गदर्शक या शिस्तीच्या किती मागे गेले आहेत ते पाहावे.

त्याच मार्गाने जाणारे एक उदाहरण. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. सत्यच बोलायचे असे याचे व्रत. चोरांच्या भीतीने काही माणसे रानात लपली. चोरांनी कौशिकाला विचारले, त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली, कौशिक नरकात गेला. आता 1797 साली कांटने नेमक्या याच प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असे विचारतो. तरीही खोटे बोलणे गैरच, असे कांट म्हणतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रथम वर्षाचा विद्यार्थीही कांटवर तुटून पडतो, आणि कांटवर तुटून पडण्याची संधी मिळाल्यावाचून कांट कोणाला कळत नाही. आमच्या वर्गात सगळे कौशिकाला हसत असताना एक मुलगी म्हणाली की चोर वाईट असतात म्हणून हे सोपे आहे. फायनान्सचा वसुलीवाला दारात येतो तेव्हा आई मला 'पप्पा घरी नाहीत' असे सांगायला लावते, तो काही चोर नाही, त्याचे पैसे खरेच द्यायचे आहेत. वर्ग एकदम शांत झाला. ही गोष्ट बहुतेकांच्या घरची होती. कांटचा तो निबंध ज्या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून लिहिला गेला, त्या बेंजामिन कॉन्स्टंटचे म्हणणे असे होते की सत्य ऐकण्याचा ज्याला हक्क आहे त्याच्याशीच सत्य बोलण्याचे कर्तव्य लागू होते. मुलीने कॉन्स्टंटचे नाव ऐकले नव्हते. पण मारेकऱ्याला सत्याचा हक्क नाही आणि वसुलीवाल्याला तो असू शकतो, हा भेद तिने स्वतः पाडला होता.

ज्याला पूर्वपक्ष म्हणतात तो हा. आणि येथे आमचा राग थोडा वाढतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अंमलबजावणीत 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या मुलांपुढे षड्दर्शनांची, चार्वाक-बौद्ध-जैनांची नावे येण्याची ही मोठी संधी. आम्ही तिचे स्वागतच केले. पण या विषयाच्या ज्या टिपा हातोहात फिरताना आम्ही पाहिल्या, त्यांत काय दिसले? दर्शनांची संख्या, प्रवर्तकांची नावे, प्रमाणांची यादी आणि चार पर्यायांतून अचूक पर्याय. न्यायदर्शनाचा प्रवर्तक गौतम हे ओळखले की दोन गुण. गौतम कोणाशी भांडत होता, बौद्ध नैयायिकांनी पुढे काय प्रतिवाद केला, याचा मागमूस नाही. भारतीय परंपरेचा गौरव करण्याच्या हेतूने आखलेल्या विषयातून भारतीय परंपरेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडण्याची रीत, तेवढे नेमके गळाले आहे.

चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' घ्या. लेखक अद्वैती, पण ग्रंथाचे पहिले प्रकरण चार्वाकाचे. जो सर्वांत दूरचा, त्याच्यापासून आरंभ. नवशिक्याला तत्त्वज्ञानाची ओळख कशी करून द्यावी याचा याहून चांगला नमुना कोणता? आणि हेही लक्षात घ्यावे की चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज जवळजवळ हाती नाहीत. आपल्याला चार्वाक माहीत आहे तो मुख्यतः त्याच्या विरोधकांनी त्याचा पूर्वपक्ष लिहून ठेवला म्हणून. आ. ह. साळुंखे यांच्यासारख्या अभ्यासकाला त्यातूनच चार्वाकाची बाजू पुन्हा उभी करता आली. आजच्या टिपांसारखी टिपणे त्या काळी लिहिली गेली असती, तर चार्वाक केव्हाच नाहीसा झाला असता.

आता दुसऱ्या बाजूचे प्रतिपक्षी. काही विद्वान म्हणतात की मराठीत साधनेच नाहीत, इंग्रजी आल्याखेरीज गत्यंतर नाही. हे आम्हांला मान्य नाही. इंग्रजी यावे, पण ते दार बंद करण्याचे निमित्त होऊ नये. 1916 साली अमळनेरला प्रतापशेठांनी तत्त्वज्ञानाचे केंद्र उभारले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तेथे राहून गेला. खानदेशातल्या एका गावाला असे भाग्य लाभावे हे अद्भुतच. परंतु तेथून निघणारे प्रमुख नियतकालिक इंग्रजी होते, आणि अमळनेरच्या बाजारातल्या माणसाला त्याचा काय पत्ता लागला असेल, हा प्रश्न विचारायला हवा. तेथेच काही काळ तत्त्वज्ञान शिकलेल्या साने गुरुजींनी 'भारतीय संस्कृती' मराठीत लिहिली आणि ती घरोघर गेली. (त्या पुस्तकाविषयी आमची तक्रार वेगळी आहे : त्यात माया फार आणि वाद थोडा.)

साधने आहेत. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली सिद्ध झालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आहे. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानविषयक नोंदी आहेत, आणि त्या आता कोणालाही मोबाइलवर फुकट वाचता येतात. पुणे विद्यापीठातून निघालेले 'परामर्श' आहे. वाईचे 'नवभारत' आहे. दि. य. देशपांडे यांनी 1990 साली नागपुरातून सुरू केलेल्या आणि पुढे 'आजचा सुधारक' या नावाने ओळखल्या गेलेल्या मासिकाचे अंक आहेत. मे. पुं. रेगे आस्तिक, 'मी आस्तिक का आहे?' असे विचारून त्याचे उत्तर देणारे. दि. य. निरीश्वरवादी, विवेकवादी. दोघेही मराठीत लिहिणारे, दोघांचीही मराठी स्वच्छ. या दोघांची पाच-पाच पाने शेजारी ठेवून ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न वर्गात मांडावा, यासाठी कोणत्या परदेशी पुस्तकाची वाट पाहायची? बालभारतीने अकरावी-बारावीसाठी तत्त्वज्ञानाची आणि तर्कशास्त्राची पाठ्यपुस्तके मराठीत काढली आहेत, हे आमच्या किती सहकाऱ्यांना ठाऊक आहे? नवशिक्यांसाठी पुस्तक नाही अशी हळहळ व्यक्त करणाऱ्या एका चर्चासत्रात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा सभागृहात ते पुस्तक पाहिलेले कोणी निघाले नाही. असो.

मात्र साधनांची नावे घेताना क्रमाचा विवेक हवा. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' हा मराठीतला मोठा ग्रंथ आहे यात शंका नाही. पण तो नवशिक्याच्या हाती प्रथम देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पंचगंगेच्या पुरात सोडणे. आमच्या पिढीला तसेच सोडले गेले. काही वाचले; बरेच जण त्यानंतर तत्त्वज्ञान या शब्दालाच घाबरू लागले, आणि आज तेच मार्गदर्शके लिहितात.

इचलकरंजीत 1977 पासून समाजवादी प्रबोधिनी काम करते आहे. आचार्य शांताराम गरुडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांपुढे, शिक्षकांपुढे विचार मांडण्याची जी सवय या गावाला लावली, तिचे ऋण आम्ही मानतो. कोल्हापुरात गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका एका भाषणातून निघाली आणि तिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या, शीर्षकच प्रश्नाचे. अवघड विषय छोट्या पुस्तिकेतून, बोलीच्या जवळच्या भाषेत सामान्य वाचकापर्यंत पोचतो, हे आपल्या जिल्ह्याने सिद्ध केले आहे. चळवळींच्या अभ्यासवर्गांशी आमचा मतभेद एवढाच की तेथे प्रश्न पुष्कळदा उत्तर माहीत असलेल्याने विचारलेला असतो. चळवळीची ती गरज असेल. वर्गाची नाही. 2015 च्या सायझिंग कामगारांच्या संपाच्या निमित्ताने 'न्याय्य मजुरी म्हणजे काय' हा प्रश्न आम्ही घेतो, तेव्हा कारखानदाराच्या मुलाला त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडू देतो, आणि मग ती बाजू वहिफणी कामगाराच्या मुलीने पुन्हा सांगायची, त्या मुलाला 'होय, मी हेच म्हणत होतो' असे म्हणावे लागेल इतक्या नेमकेपणाने. त्यानंतरच तिने उत्तर द्यायचे. कारखानदाराच्या मुलालाही हाच नियम.

राहता राहिला मोबाइल. 'कांट सोप्या भाषेत' असे विचारले की यंत्र आता अर्ध्या मिनिटात दहा ओळी काढून देते, आणि खरे सांगायचे तर त्या दहा ओळी बाजारातल्या मार्गदर्शकापेक्षा बऱ्या असतात. म्हणजे निष्कर्षांचा सारांश सांगणे हे काम आता आपल्याकडे उरलेले नाही. जे अध्यापक इतकी वर्षे तेवढेच करत आले, त्यांनी यंत्रावर रागावण्यात काय हशील?

यावर शेवटचा आक्षेप नेहमी परीक्षेचा असतो : 'हे सगळे छान, पण याला गुण कसे देणार?' आमचे अंतर्गत मूल्यमापन आमच्याच हाती आहे, आणि तेथे आम्ही गेली काही वर्षे एकच प्रश्न देतो. वर्गात झालेल्या वादांपैकी एक घ्या. तुम्हांला जी बाजू पटत नाही ती एक पानभर लिहा, इतकी चांगली की ती मानणाऱ्याला त्यात भर घालावीशी वाटू नये. उरलेल्या अर्ध्या पानात तिला उत्तर द्या. दहापैकी सात गुण पहिल्या पानाला, तीन दुसऱ्याला. पहिल्या वर्षी बहुतेकांनी पहिले पान चार ओळींत उरकले आणि दुसरे भरून काढले. आता पहिले पान पुरत नाही, पुरवणी मागतात.